दुसरे बाळ आले, ताई त्याच आहेत, पगाराचे काय?

आपल्या मंडळातल्या एखाद्या घरी दुसऱ्यांदा पाळणा हलणार अशी बातमी आली की पाठोपाठचे प्रश्न ठरलेले असतात. भारतातून कोण येणार? आई आधी की सासूबाई आधी? डिंकाचे लाडू इथेच करायचे की तिकडून मागवायचे? बारसे घरी की हॉल घेऊन? हे सगळे प्रश्न चारचौघांत, हसतखेळत विचारले जातात. एक प्रश्न मात्र कोणी मोठ्याने विचारत नाही. कार्यक्रम संपवून गाडीत बसल्यावर नवराबायको तो हळूच एकमेकांना विचारतात : "बाळ आल्यावर ताईंना किती वाढवून द्यायचे?"

ताई म्हणजे मोठ्या मुलाला सांभाळायला येणाऱ्या बाई. इंग्रजीत त्यांना नॅनी म्हणतात, पण आपल्या घरांत त्या ताई, मावशी, बेन किंवा दीदी असतात. एडिसन, इसेलिन, प्लेन्सबरो या आपल्या न्यू जर्सीच्या पट्ट्यात सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला अशा कितीतरी ताई आपापल्या घरी पोचतात, म्हणून आपण ऑफिसला पोचतो.

मी आयुष्यभर विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवले. कामाचा मोबदला कसा ठरतो हा त्यातला माझा आवडीचा भाग. निवृत्तीनंतर मंडळातली तरुण मंडळी मला पेन्शनबद्दल विचारतील असे वाटले होते. पण गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. म्हणून या वर्षी दिवाळी अंकाच्या निमित्ताने त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

"तास तेच, घर तेच, मग वाढ कशाची?"

हा आक्षेप बहुतेक वेळा आमच्या पिढीकडून येतो. भारतातून आलेले आजोबा हिशेब मांडतात : ताई सकाळी आठला येतात, पाचला जातात. बाळ आल्यावरही आठलाच येणार आणि पाचलाच जाणार. एक मूल खेळते आहे, दुसरे झोपले आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे?

या आजोबांना मी एवढेच विचारतो की पुण्यात किंवा डोंबिवलीत तुमच्याकडे येणाऱ्या बाईंचा पगार कसा ठरला होता? आठवून पाहा. धुणे, भांडी, केर-फरशी, प्रत्येक कामाचा दर वेगळा. आणि दर सांगण्याआधी बाई दारातच विचारत, "घरात माणसं किती?" चार माणसांच्या भांड्यांचा एक दर, सहा माणसांचा दुसरा. मुलाचे लग्न होऊन सून घरी आली की पुढच्या महिन्यात बाई वाढ मागत आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे. तुमच्या घरी तास किती लागतात हा प्रश्नच नव्हता. माणसे किती, हा प्रश्न होता.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर आपली पद्धत आणखी स्पष्ट होती. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला वेगळी बाई येई. भांडी घासणाऱ्या बाईंना "जाता जाता बाळालाही आंघोळ घाला" असे कोणी सांगत नसे. त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईचा मोबदला वेगळा ठरे आणि शेवटच्या दिवशी तिला साडी-चोळी मिळे, तिची ओटी भरली जाई. नव्या जिवाचे काम हे नवे काम आहे, हे आपल्या आज्यांना अर्थशास्त्र न शिकता माहीत होते.

अमेरिकेत पगार तासावर ठरतो. तासाच्या हिशेबात माणसे किती हे दिसेनासे होते. घड्याळ एकच असते, म्हणून काम एकच आहे असे आपल्याला वाटू लागते.

कामाचा दिवस प्रत्यक्ष कसा बदलतो

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीकडे दुसरे बाळ आले तेव्हा मी महिनाभर तिच्या घरी होतो. ताई मोठ्या नातीला ती सहा महिन्यांची असल्यापासून सांभाळत होत्या. बाळ तीन महिन्यांचे झाले, मुलगी कामावर रुजू झाली आणि मी रोज समोर बसून पाहत होतो.

आधी नात दुपारी एक ते तीन झोपायची. ते दोन तास ताईंचे स्वतःचे. त्या जेवायच्या, घरी फोन करायच्या, पाठ टेकायच्या. आता नात झोपली की बाळ उठायचे. बाळाला दर अडीच-तीन तासांनी दूध. बाटल्या धुणे, उकळणे, फ्रीजमधले आईचे दूध तारीख पाहून काढणे, ढेकर काढणे, डायपर बदलणे. बाळाला पाजताना तीन वर्षांच्या ताईसाहेबांना नेमके त्याच वेळी बाथरूमला जायचे असायचे. बागेत न्यायचे तर एक हात स्ट्रोलरवर आणि एक डोळा घसरगुंडीवर. घरात बाळाला कोठे ठेवले, पाठीवरच झोपले आहे ना, मोठीने त्याच्या तोंडात खेळण्यातला बारीक तुकडा तर घातला नाही ना, हे सारखे पाहावे लागे. ताई एकदा मला हसत म्हणाल्या, "काका, एका मुलाला दोन हात पुरतात. दोन मुलांना तीन लागतात, आणि तिसरा कुठून आणायचा?"

कामाचे तास वाढले नव्हते. वाढले होते ते दोन गोष्टींत : कामातली उसंत संपली होती आणि जबाबदारी वाढली होती. मोबदला ठरवताना या दोन्हींना किंमत असते. वीस खाटांचा वॉर्ड पाहणारी परिचारिका आणि चाळीस खाटांचा पाहणारी परिचारिका एकाच वेळी घरी जातात, म्हणून दोघींचे काम सारखे असे आपण म्हणत नाही.

किती वाढवायचे?

दुसरे मूल आले म्हणून पगार अमुक टक्के वाढवा असा कायदा नाही. ते दोन्ही बाजूंनी बोलून ठरवायचे असते. माझ्या ओळखीच्या घरांत ताशी दोन ते चार डॉलर वाढ झालेली मी पाहिली आहे. पगार दुप्पट होत नाही, कारण कामही अगदी दुप्पट होत नाही. दोघांचे जेवण एकत्र होते, दोघांना घेऊन एकदाच बाहेर जाता येते. पण शून्य वाढ हे उत्तर नाही.

एक उदाहरण आकड्यांत मांडू. समजा ताईंना ताशी २२ डॉलर मिळतात आणि त्या आठवड्याला ४५ तास येतात. पहिल्या ४० तासांचे ८८० डॉलर. वरच्या ५ तासांना कायद्याने दीडपट, म्हणजे ताशी ३३ प्रमाणे १६५. आठवड्याचे १,०४५. आता ताशी ३ डॉलर वाढवून २५ केले तर ४० तासांचे १,००० आणि ५ तासांचे १८७.५०, एकूण १,१८७.५०. आठवड्याला फरक १४२.५० डॉलर. त्यावर मालक म्हणून आपला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा हिस्सा ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे ११ डॉलर. वर्षभराचा जास्तीचा खर्च साधारण आठ हजार डॉलर.

आठ हजार ऐकून छातीत धस्स होते, हे मी समजू शकतो. म्हणून हाच आकडा उलटा करून पाहा. १४२.५० डॉलरला ४५ तासांनी भागले तर बाळाच्या सांभाळाचे ताशी ३.१७ डॉलर होतात. आपण तान्ह्या बाळाला दिवसभर सांभाळण्यासाठी सव्वातीन डॉलरसुद्धा देत नाही आहोत. न्यू जर्सीत २०२५ मध्ये सर्वसाधारण किमान वेतन ताशी १५.४९ डॉलर होते. बाळासाठी वेगळी बाई शोधली किंवा डे केअरमध्ये जागा घेतली तर काय पडेल ते एकदा फोन करून विचारा. मग तीन डॉलरची वाढ ही आपली उदारता नसून आपल्याला मिळालेली सवलत आहे, हे लक्षात येईल.

आई घरी असते ते महिने

दुसरा अवघड भाग बाळंतपणाच्या रजेचा. न्यू जर्सीत फॅमिली लीव्ह इन्शुरन्सखाली बाळासाठी १२ आठवड्यांपर्यंत काही प्रमाणात पगार मिळतो. त्या काळात आई घरी, भारतातून आजी आलेली, मग काही घरे म्हणतात, "ताई, तीन महिने तुम्ही अर्धाच दिवस या." आपल्याला ती काटकसर वाटते. ताईंच्या घरी मात्र त्याच तीन महिन्यांत भाडे पूर्ण द्यावे लागते. परिणाम असा की त्या दुसरीकडे काम शोधतात, आणि रजा संपताना आपण नव्या बाईच्या मुलाखती घेत बसतो. मोठे मूल तर दुहेरी गांगरते : आई बाळाची झाली आणि ताईही गेल्या.

म्हणून माझा सल्ला : रजेच्या काळात तास कायम ठेवा. घरात माणसे जास्त असली की ताईंचे काम हलके होते हा समजही खरा नाही. आई शेजारच्या खोलीत आहे हे ठाऊक असलेले तीन वर्षांचे मूल सांभाळून पाहा. शिवाय पाहुण्यांचा चहा आणि आजोबांच्या मऊ पोळ्या अलगद ताईंकडे सरकतात.

पोळ्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या घरांतला हा खास प्रश्न आहे. "एवढ्या चार पोळ्या लाटून देता का?" हे वाक्य नवे बाळ आल्यावर हमखास येते. चारच्या दहा होतात, मग भाजी येते, मग सगळ्या घराचे कपडे. मुलांचे खाणे, मुलांचे कपडे, मुलांच्या बाटल्या हे मुले सांभाळण्याच्या कामात येते. घरच्यांचा स्वयंपाक हे वेगळे काम आहे. ते हवे असेल तर तसे विचारा, नाही म्हणायची मोकळीक द्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. बाळासाठी दिलेल्या तीन डॉलरमध्ये पोळ्या गुंडाळू नका.

"ताईच म्हणतात कॅश द्या"

आता जो विषय सगळे टाळतात त्याकडे येतो.

आमच्या भागातल्या एका बाईंना मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. चौदा वर्षांत त्यांनी तीन मराठी घरांतली पाच मुले वाढवली. तिन्ही घरे चांगली होती. दिवाळीला साडी, भारतात जाताना तिकिटाला मदत, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोत त्या पुढच्या रांगेत. पगार मात्र चौदाही वर्षे रोखीत. आता गुडघे गेले आहेत, मूल उचलून घेणे जमत नाही. त्यांना सोशल सिक्युरिटीबद्दल माझ्याकडून माहिती हवी होती. मी त्यांच्याबरोबर नोंद पाहिली, तर चौदा वर्षांच्या जागी काहीच नव्हते. त्यांचे काम पाच मुलांच्या आठवणीत आहे, सरकारच्या दप्तरी नाही.

निवृत्तीवेतन मिळण्यासाठी इथे ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांचे नोंदलेले काम. मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळण्यालाही स्वतःची किंवा जोडीदाराची तेवढीच नोंद लागते. रोखीत काम करणाऱ्या ताई या दोन्हींना मुकतात. २०२० च्या मार्चमध्ये सगळे घरी बसले तेव्हा ज्यांचा पगार कागदावर होता त्यांना बेकारी भत्ता मागता आला. बाकीच्यांना दाखवायला कागदच नव्हता.

घरकाम करणाऱ्यांना बाजूला ठेवण्याचा इतिहास इथेही जुना आहे. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. त्यांत कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्याचे संरक्षणही घरकामगारांना मिळाले नाही. १९५० मध्ये नियमित घरकाम करणारे सोशल सिक्युरिटीत आले आणि किमान वेतन व जादा वेळेचे नियम त्यांना लागू व्हायला १९७४ साल उजाडले. न्यूयॉर्कने २०१० मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा केला. असे करणारे ते पहिले राज्य. आपल्या न्यू जर्सीत तसा कायदा जानेवारी २०२४ मध्ये संमत होऊन त्याच वर्षी जुलैत अमलात आला. त्यात लेखी कराराची आणि विश्रांतीच्या वेळेची तरतूद आहे.

नियम थोडक्यात असे. आपल्या घरी, आपण ठरवलेल्या वेळी, आपण सांगितलेल्या पद्धतीने काम करणारी व्यक्ती ही आपली कर्मचारी असते, कंत्राटदार नव्हे. एका व्यक्तीला वर्षभरात ठरावीक मर्यादेएवढे (२०२५ मध्ये ती २,८०० डॉलर होती) किंवा अधिक रोख वेतन दिले की सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर लागू होतो : ७.६५ टक्के त्यांचे, ७.६५ टक्के आपले. वर्षअखेर त्यांना डब्ल्यू-२ द्यायचा आणि आपल्या करपत्रकाला शेड्यूल एच जोडायचे. कामावर ठेवताना त्यांच्याकडे कामाचा परवाना आहे हे आय-९ भरून पाहायचे. घरी राहत नसलेल्या ताईंना ४० तासांवर दीडपट दर द्यायचा. "आम्ही महिन्याचा ठरावीक पगार देतो" म्हणून तो चुकत नाही.

बऱ्याचदा ताई स्वतःच म्हणतात, "मला कॅशच द्या." त्यांचेही बरोबर असते, आज हातात थोडे जास्त येते आणि दहा वर्षांनंतरचे कोणी पाहिले आहे? अशा वेळी दुसरे बाळ ही चांगली संधी आहे. पगार तसाही वाढवायचा आहे. तो कागदावर आणतानाच वाढवला तर त्यांच्या हातात येणाऱ्या रकमेतली घट बरीच भरून निघते आणि नोंदही सुरू होते. आपल्या बाजूलाही फायदा असतो. नोकरीतून मिळणाऱ्या डिपेंडंट केअर खात्यात २०२५ मध्ये कुटुंबामागे ५,००० डॉलर करमुक्त बाजूला टाकता येत होते. २०२६ पासून ही मर्यादा ७,५०० झाली. पण त्यासाठी ताईंचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि कागदावरचा पगार लागतो.

बोलायचे कधी आणि कसे

बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी बोला. डोहाळजेवणाच्या गडबडीत नको, महिन्याचा पगार हातात देता देता दारातही नको. मुले झोपलेली असताना चहा घेऊन समोर बसा. आकडा आपण आधी सांगा. ताईंना मागायला लावू नका. आपल्याकडे घरच्यासारख्या झालेल्या माणसाला मागणे फार जड जाते.

असे म्हणता येईल : "ताई, मार्चमध्ये बाळ येणार. तुमचं काम वाढणार हे आम्हाला माहीत आहे. मी कामावर जाईन त्या दिवसापासून ताशी तीन डॉलर वाढवायचं आम्ही ठरवलं आहे. त्याआधीचे तीन महिने तुमचे तास आणि पगार आहे तसाच राहील. तुम्हाला दोघांना सांभाळायला जमेल का? काय वाटतं ते मोकळेपणी सांगा." एवढे बोलून थांबा आणि त्यांचे ऐका. कदाचित त्यांना पैशांपेक्षा शुक्रवारी लवकर सुटणे हवे असेल. कदाचित दोन मुले नकोच असतील. तेही आधी कळलेले बरे.

दरवर्षीची वाढ आणि बाळाची वाढ एकत्र करू नका. पहिली त्यांच्या अनुभवाची आणि महागाईची आहे, दुसरी नव्या कामाची. आणि मोठे मूल पुढे प्री-स्कूलला जाऊ लागले म्हणून वाढ परत काढून घेऊ नका. शाळेला सुट्टी असते, ताप येतो, नेणे-आणणे असते. त्या तासांतही ताई आपल्यासाठीच थांबलेल्या असतात. जे ठरेल ते साध्या शब्दांत एका पानावर लिहा आणि दोघांनी सही करा.

ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांच्यासाठीही. नवे घर, एकाच्या नोकरीची धास्ती, व्हिसाची टांगती तलवार, हे मी आसपास पाहतो. अशा वेळी खरी परिस्थिती सांगा. वाढ दीड डॉलरची असू शकते, पण त्याबरोबर चार दिवस भरपगारी रजा द्या, आठवड्यातला एखादा तास कमी करा, सहा महिन्यांनी पुन्हा बसू असे ठरवा आणि खरोखर बसा. दुसऱ्या घराबरोबर मिळून ताई ठेवण्याचाही पर्याय आहे. गप्प राहणे मात्र करू नका.

ताई म्हटले म्हणून

इथे वाढलेल्या तरुण वाचकांसाठी एक मुद्दा. आपण या बायकांना ताई-मावशी म्हणतो ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, ती सोडू नका. पण नात्याचा शब्द हिशेबाच्या जागी वापरला जाऊ लागला की त्याचा तोटा एकाच बाजूला होतो. "त्या आमच्या घरच्याच आहेत" असे म्हणताना, घरच्या माणसाला रजा नसते, जादा वेळ नसतो आणि पगारवाढही नसते, हे सोयीस्करपणे त्यात येते.

पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि हक्काची रजा या त्यांच्या मागण्या होत्या. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ मध्ये कायदा झाला. दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून द्यायचा ही आपल्याकडच्या अनेक घरांची रीत आहे. ती इथे येताना विमानतळावर राहून गेली असेल, तर या दिवाळीत आणायला हरकत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पूर्वी नव्या वह्या पूजायचे. व्यापाऱ्याच्या घरी हिशेबाची वही देवापुढे ठेवली जाई, कारण स्वच्छ हिशेब हीही एक शुभ गोष्ट मानली होती. आपल्या घरातल्या ताईंचा हिशेब एकदा या दृष्टीने पाहावा. बाळाला कोणाच्या कडेवर देऊन आपण दार लोटतो, ते काम किती मोलाचे आहे हे वहीत दिसायला हवे.

सर्वांना, आणि सर्वांच्या ताई-मावश्यांना, दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.